नवा अल्टरनेटर बसवला, तरी व्होल्टेज कमीच? या चुका टाळा

ट्रकला जास्त अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बसवला आणि तरी मीटरवर आकडा कमी दिसला, की बहुतेक लोक पहिला आळ अल्टरनेटरवरच घेतात. तो उतरवायचा, दुकानदाराशी वाद घालायचा, दुसरा चढवायचा आणि पुन्हा तोच आकडा बघत बसायचं. हे इतक्यांदा पाहिलंय की "अल्टरनेटर खराब निघाला" असं कोणी म्हणालं की माझा प्रश्न ठरलेला असतो: लोड टाकून, म्हणजे दिवे-ब्लोअर चालू करून, बॅटरीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आले, आणि अल्टरनेटरच्या बी प्लसवर, म्हणजे वीज बाहेर पडते त्या बोल्टवर, किती? हे दोन आकडे सांगता येत नसतील तर बिघाड अजून शोधलेलाच नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. अँपिअर वाढवले म्हणून व्होल्टेज वाढत नाही. व्होल्टेज किती ठेवायचं हे अल्टरनेटरचा रेग्युलेटर ठरवतो. 12 व्होल्टच्या गाडीत ते साधारण 13.8 ते 14.5 असतं, 24 व्होल्टच्या गाडीत 27.6 ते 29. मोठा अल्टरनेटर काय करतो, तर लोड वाढला तरी हा आकडा पडू देत नाही. पण त्यासाठी करंट बॅटरीपर्यंत जायची आणि परत यायची वाट धड असावी लागते. 70 अँपिअरवर कसाबसा चालून गेलेला गंजका सांधा 150 अँपिअरवर उघडा पडतो. म्हणून "जुना होता तेव्हा सगळं ठीक होतं" या वाक्याला काही अर्थ नाही.

अर्थिंगकडे न बघणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. लोक हौसेने जाड लाल केबल टाकतात आणि काळ्या बाजूला, म्हणजे बॅटरी मायनसकडे परत येणाऱ्या अर्थच्या वाटेला, हातही लावत नाहीत. जेवढा करंट लाल केबलमधून जातो तेवढाच अर्थमधून परत येतो, त्यात एक अँपिअरचीही सूट नाही.

ओळखीच्या एका ड्रायव्हरचा 24 व्होल्टचा ट्रक होता. मागे लिफ्ट, वर जादा दिवे, म्हणून 150 अँपिअरचा अल्टरनेटर घातलेला. रात्री हेडलाइट मंद, सकाळी सेल्फ जड. माझ्याकडे गाडी आली तोवर दोन अल्टरनेटर आणि बॅटऱ्यांची एक जोडी बदलून झाली होती, आणि आता तिसरा अल्टरनेटर मागवायची तयारी चालली होती. दिवे, ब्लोअर, लिफ्टची मोटर असा सगळा लोड टाकला, इंजिन रेसवर धरलं. अल्टरनेटरवर, म्हणजे बी प्लस ते त्याच्याच बॉडीवर, 28.2. बॅटरीवर 26.1. दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेत खाल्ले जात होते. लाल बाजूला बी प्लसपासून बॅटरी प्लसपर्यंत मोजले तर फक्त 0.3. मग मीटरची एक पिन बॅटरी मायनसवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या बॉडीवर ठेवली: 1.8 व्होल्ट.

कारण दोन ठिकाणी होतं. नवा ब्रॅकेट सुंदर पावडर कोटिंग केलेला, आणि अल्टरनेटर त्या रंगावरच आवळलेला. करंट जेमतेम बोल्टच्या आट्यांमधून जात होता. दुसरं म्हणजे इंजिन ते चेसिसची अर्थपट्टी वरून नीट दिसत होती, पण थिंबलच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या टोपीच्या, आत तांबं हिरवं होऊन भुगा झालेलं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी गेली की परतीचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनही. या गाडीत ती केबल हाताला गरम लागत होती. ब्रॅकेटचा रंग खरवडला, नवी पट्टी टाकली आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून थेट बॅटरी मायनसला वेगळी केबल दिली. बॅटरीवर 27.8 आले. काढून टाकलेले दोन्ही अल्टरनेटर चांगले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी की मोठा अल्टरनेटर बसवला की लाल केबलइतक्याच जाडीची काळी केबल थेट बॅटरीपर्यंत न्यायचीच. कोणी म्हणेल, चेसिस आहे की. असेल, पण मी चेसिसच्या भरवशावर राहत नाही. लोडवर कुठल्याही एका बाजूला 0.2 व्होल्टच्या वर दिसले की मी सांधे उघडतो. आणि अल्टरनेटरवर वेगळा बी मायनस बोल्ट आहे का ते आधी पाहा. काहींची बॉडी अर्थ नसतेच, त्यांना मायनसची वायर द्यावीच लागते.

मीटरवर कंटिन्युटीचा (तार जोडलेली आहे एवढंच सांगणारा) बीप ऐकून अर्थ ठीक आहे असं ठरवू नका. एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप करतं. लोड टाकूनच मोजा.

जुनीच केबल ठेवणं

हिशोब साधा आहे. 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल 3 मीटर लांब असेल आणि 150 अँपिअर जात असतील, तर जवळपास अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो आणि सुमारे 70 वॅट उष्णता तिच्यात तयार होते. त्याच लांबीला 50 स्क्वेअर एमएम घेतली तर घट 0.15 व्होल्टवर येते. 12 व्होल्टच्या गाडीत हा फरक फार जाणवतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नका. त्याच जाडीत तिचा रेझिस्टन्स बराच जास्त असतो. थिंबल हातोडीने ठोकून बसवणाऱ्यांना मी काम देत नाही. क्रिम्पिंगचं हत्यार याच कामासाठी असतं. केबल बदलली की त्या लाइनचा फ्युजही नव्या हिशोबाने बदला, पण फ्युज काढून थेट जोडू नका.

आयडलवरचा आकडा बघून घाबरणं, आणि पुली न तपासणं

डिझेल ट्रकचं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, 600 आरपीएमच्या आसपास फिरतं. क्रँकची पुली 180 मिमी आणि अल्टरनेटरची 60 मिमी असेल तर अल्टरनेटर 1800 आरपीएमवर असतो. नवा अल्टरनेटर 80 मिमीच्या पुलीसकट आला आणि तसाच बसवला, तर तो 1350 वर येतो. बरेच मोठे अल्टरनेटर इतक्या कमी वेगावर फारसा करंट देत नाहीत. रेस दिल्यावर व्होल्टेज वर येऊन टिकत असेल तर आधी पुल्या मोजा आणि अल्टरनेटरसोबतच्या कागदावर कमी आरपीएमला किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. हा कागद कोणी वाचत नाही, सगळे फक्त वरचा मोठा आकडा बघून विकत घेतात. उलट, फार लहान पुली लावली तर बेल्टची पकड कमी होते आणि वरच्या रेसला अल्टरनेटर मर्यादेपलीकडे फिरतो.

बेल्टचंही तेच. 28 व्होल्टवर 150 अँपिअर म्हणजे 4200 वॅट, आणि अल्टरनेटरमधली घट धरली तर इंजिनाकडून सातेक किलोवॅट बेल्टमधून जायला हवेत. जुना चकाकलेला बेल्ट तेवढं ओढत नाही. तो ओरडेलच असं नाही, गुपचूपही स्लिप होतो. पुली जास्तच तापली असेल तर तिथे बघा.

सेन्सची वायर बी प्लसलाच जोडणं

घाईची खूण. सेन्सची वायर म्हणजे बॅटरीवर किती व्होल्ट आहेत हे रेग्युलेटरला कळवणारी बारीक वायर. ही वायर बॅटरीपर्यंत न्यायचा कंटाळा येतो म्हणून तिथल्या तिथे जोडून टाकतात. मग रेग्युलेटर अल्टरनेटरवरचं व्होल्टेज बघून समाधानी राहतो, आणि बॅटरीवर कमी आहे हे त्याला कळतच नाही. ती बॅटरी प्लसला, छोट्या फ्युजमधून न्या. पण तिच्याकडून अर्थची भरपाई होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सहसा रेग्युलेटर आपल्याच बॉडीच्या तुलनेत मोजतो, म्हणून वरच्या गोष्टीतला दोष या वायरने झाकला नसता.

चार्जिंगच्या दिव्याला हलकं समजणं

अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट डॅशबोर्डवरच्या त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडालेला असेल किंवा त्या जागी एलईडी लावली असेल, तर जोरात रेस देईपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही.

उतरलेल्या बॅटरीवर निकाल देणं

बॅटरी खाली असेल तर अल्टरनेटर सगळा करंट तिच्यात ओततो आणि व्होल्टेज खालीच राहतं. बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, मगच मोजा. 24 व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एक 14.6 आणि दुसरी 13.2 दाखवत असेल तर जोडीत दोष आहे.

डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. इंजिनखाना तापल्यावर 14.4 चे 13.7 झाले तर तो बिघाड नाही, रेग्युलेटर तसाच बनवलेला असतो. ज्या गाडीत कंप्युटर अल्टरनेटर चालवतो, तिथे साधा रेग्युलेटरवाला अल्टरनेटर बसवण्याआधी वायरिंगचा नकाशा बघा.

चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून बघणं

हे कृपा करून थांबवा. "केबल काढली आणि इंजिन चालू राहिलं म्हणजे अल्टरनेटर चांगला", हे जुन्या डायनॅमोच्या काळापासून चालत आलंय. चार्जिंग चालू असताना बॅटरी सुटली की तिच्यात जाणारा करंट क्षणभर कुठेच जाऊ शकत नाही, आणि व्होल्टेज उसळतं. 24 व्होल्टच्या गाडीत ते शंभराच्या वर जाऊ शकतं. अल्टरनेटरचे डायोड (एसीचं डीसी करणारे भाग), रेग्युलेटर, इंजिनचा ईसीएम म्हणजे कंप्युटर, काहीही जाऊ शकतं. आणि एवढं करून कळतं काय? लोडवर किती व्होल्ट टिकतात हे तर कळतच नाही. हे करून दाखवणाऱ्या उस्तादाच्या हातात मी गाडीची चावी देत नाही. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात.

हे सगळं तपासून झालं, दोन्ही बाजूंची घट 0.2 च्या आत आहे, बेल्ट घट्ट आहे, आणि तरीही लोडवर बी प्लसवरच आकडा पडतोय, तर मग अल्टरनेटरवर संशय घ्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर बहुधा डायोड गेलाय. तेव्हा तो उतरवा, आणि दुकानात जाताना सगळे आकडे, किती रेसवर आणि कुठल्या लोडवर घेतले ते कागदावर लिहून सोबत न्या.