फ्लॅप जुळवताना आधी एलेरॉनकडे बघा

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, लँडिंगच्या वेळी खाली सोडायचा भाग. मी स्वतः बांधलेल्या विमानाचे दोन्ही फ्लॅप-पुशरॉड (फ्लॅप ढकलणारे दांडे) मी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अगदी सारख्या लांबीचे केले होते. ते बसवून फ्लॅप खाली सोडले आणि मागे उभा राहून पाहिलं, तर डावा उजव्यापेक्षा दोन अंश खाली. बिजागरी नेमकी कुठे रिव्हेट झाली, ब्रॅकेटचं भोक किती सरकलं, टॉर्क ट्यूबवरचे (दोन्ही फ्लॅप एकत्र फिरवणाऱ्या आडव्या नळीवरचे) दोन्ही हात एका रेषेत वेल्ड झाले का, हे सगळं थोडं थोडं साठत जातं आणि फ्लॅपच्या मागच्या कडेला दिसतं. म्हणून जुळवायची ती कडा, आणि त्यासाठी रॉडची जी लांबी लागेल ती घ्यायची. डाव्या-उजव्या रॉडमध्ये दोन आट्यांचा फरक राहिला तर राहू द्या.

ही कडा कशाशी जुळवायची? एलेरॉनशी, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या, विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या भागाशी. आणि एलेरॉन पंखाच्या छेदाशी (बाजूने दिसणाऱ्या आकाराशी). हा क्रम मी सुरुवातीला उलटा केला होता: फ्लॅप आधी, एलेरॉन नंतर, आणि विंगटिप तर त्याही आधी रिव्हेट करून मोकळा झालो होतो. सगळं पुन्हा उघडावं लागलं. प्लॅन्समध्ये दिलेल्या छेदाप्रमाणे प्लायवूडचं टेम्प्लेट कापा, ते पंखाच्या टोकाला लावा आणि एलेरॉनची मागची कडा टेम्प्लेटच्या खुणेवर आणून तिथेच क्लॅम्प करा. दोन्ही बाजूंना. आता फ्लॅप वर करून त्याची कडा एलेरॉनच्या कडेशी मिळवा. मी एक सरळ ॲल्युमिनियम पट्टी दोन्हींच्या कडेखाली धरतो आणि पलीकडे दिवा लावतो. केसाएवढी फटही दिसते. विंगटिप सगळ्यात शेवटी.

फ्लॅप वर असताना तो नुसता लोंबकळता नको. स्टॉपला टेकलेला आणि किंचित दाबलेला हवा. हाताने कडा धरून वर-खाली हलवून बघा. खट् असा आवाज आला तर कुठेतरी ढिलाई आहे, आणि तीच ढिलाई हवेत थरथर होऊन परत येईल. इलेक्ट्रिक मोटर असेल तर लिमिट स्विच (टोकाला मोटर बंद करणारा) स्टॉपशी जुळवून लावा, म्हणजे मोटर टोकाला जाऊन रेटत राहणार नाही. हे काम करताना बॅटरीची वायर काढून ठेवा. ती छोटी मोटर बोट चिरडण्याइतकी ताकदवान असते.

मग कोन. डिजिटल इन्क्लिनोमीटर (कोनमापक) फ्लॅपच्या पाठीवर एका ठरलेल्या जागी ठेवा, भोवती पेन्सिलने चौकट आखा, फ्लॅप पूर्ण वर असताना त्यावर शून्य करा. असं केलं की जमीन कललेली असली तरी फरक पडत नाही. मधेच विमानाच्या चाकांना मात्र हात लावू नका. आता एकेक टप्पा खाली आणा आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहून घ्या. मी अर्ध्या अंशाच्या आत येईपर्यंत थांबलो नाही. गणित सोपं आहे: पाव इंची रॉड एंडला (रॉडच्या टोकात आट्यांनी बसणाऱ्या बेअरिंगच्या तुकड्याला) इंचाला २८ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ०.९ मिलिमीटर. फ्लॅपचा हॉर्न (रॉड जोडला जातो तो हात) ५० मिलिमीटरचा असेल तर एक फेरा म्हणजे जवळपास एक अंश. माझे दोन अंश बरोबर दोन फेऱ्यांत गेले.

एवढा आग्रह का, तर एक फ्लॅप दुसऱ्यापेक्षा जास्त खाली असला की विमान एका बाजूला लोळू लागतं, आणि तेही लँडिंगच्या वेळी, जेव्हा वेग कमी असतो, एलेरॉन मवाळ झालेले असतात आणि जमीन जवळ आलेली असते. दोन्ही फ्लॅप एकाच टॉर्क ट्यूबवर असतात ते याचसाठी. पण ट्यूबनंतरचा पुशरॉड प्रत्येक बाजूला एकटाच. तो निसटला तर ट्यूब काहीही वाचवू शकत नाही.

म्हणून तिथल्या जोडण्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तुम्हीही घालवा. रॉड एंडचे आटे व्यासाच्या निदान दीडपट आत हवेत. पाव इंचीला साडेनऊ मिलिमीटर. रॉडला तपासणीचं भोक असेल तर त्यात बारीक तार घाला: आरपार गेली तर रॉड एंड पुरेसा आत नाही. रॉड एंडच्या बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर टाका, म्हणजे बेअरिंगचा गोळा निघाला तरी रॉड बोल्टवरून सुटणार नाही. बोल्ट फिरू शकेल अशा जागी नायलॉनचा लॉक नट चालत नाही. तिथे कॅसल नट (खाचा असलेला) आणि त्यातून जाणारी कॉटर पिन. एरवी एएन-३ बोल्टवर (विमानाचा ३/१६ इंची प्रमाणित बोल्ट) नेहमीच्या लॉक नटला २० ते २५ इंच-पाउंडचा आवळ, आणि नट फिरवायला मुळात जेवढा जोर लागतो तो त्यात मिळवून. पियानो बिजागरीची (फ्लॅपच्या लांबीभर जाणाऱ्या सलग बिजागरीची) तार दोन्ही टोकांना अडवलेली आहे ना, तेही बघा. ती हळूहळू सरकत बाहेर येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्यांदा हवेत फ्लॅप काढताना भरपूर उंची घ्या आणि वेग स्पीड इंडिकेटरच्या पांढऱ्या पट्ट्यात (फ्लॅप वापरता येणाऱ्या वेगांच्या मर्यादेत) आणा. वेग १.४ पट झाला की फ्लॅपवरचा भार दुप्पट होतो, तेव्हा पट्ट्याच्या वरच्या टोकाला सुरुवात करू नका. एक टप्पा, थांबा, स्टिक सैल धरून बघा, मग पुढचा. विमान एका बाजूला झुकायला लागलं तर लगेच मागच्या टप्प्यावर या. झुकणं एलेरॉनने दाबून ठेवत आणखी फ्लॅप काढत जाऊ नका.

खाली उतरल्यावर तपासणीची झाकणं उघडा. प्रत्येक चेक नटावरून (रॉड एंड फिरू नये म्हणून आवळलेल्या नटावरून) रॉडवर जाईल अशी रंगाची एक रेघ मी आधीच मारून ठेवली होती. तिसऱ्या उड्डाणानंतर उजवीकडची रेघ केसभर तुटलेली दिसली. नट पुन्हा आवळला, कोन पुन्हा मोजला, जुनी रेघ पुसून नवी मारली.