रासायनिक अभिक्रिया ओळखायची कशी, रेणुसूत्र वाचायचं कसं

बुडबुडे आले की अभिक्रिया झाली, असं नवशिके धरून चालतात. पण उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात, आणि त्यातली वाफ पाण्याचीच असते. विचारायचा प्रश्न एकच: आधी नव्हता असा पदार्थ तयार झाला का?

वायू सुटणं, रंग पालटणं, तापमान चढणं-उतरणं, साका (न विरघळणारा गाळ) बसणं, वास बदलणं या नेहमीच्या खुणा. यातली एकटी खूण फसवू शकते. नवसागर पाण्यात विरघळताना भांडं चांगलंच गार पडतं, पण पाणी आटवलं की तोच नवसागर हाती येतो. म्हणून किमान दोन खुणा शोधा आणि शक्य तिथे नव्या पदार्थाची चाचणी करा.

चाचणी कशी करायची ते एका प्रयोगात पाहा. मोठ्या पेल्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घ्या. ५ टक्के आम्ल असलेलं ७० मिलिलिटर व्हिनेगर थोडं थोडं ओता. एकदम ओतलं तर फेस उतू जातो. या प्रमाणात दोन्ही पदार्थ जवळजवळ पुरते संपतात. थर्मामीटरचा पारा काही अंश उतरतो, कारण ही अभिक्रिया उष्माग्राही, म्हणजे भोवतालची उष्णता शोषून घेणारी आहे. सुटणारा कार्बन डायऑक्साइड लिटरभराहून जास्त भरतो, त्यामुळे हा प्रयोग बूच लावलेल्या बाटलीत कधीही करू नका, बाटली फुटेल.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. पेला हलकेच तिरका करून फक्त वायू चुन्याच्या निवळीवर (चुना पाण्यात कालवून वर राहिलेल्या नितळ पाण्यावर) ओता आणि निवळी ढवळा. ती दुधाळ झाली, तर वायूची ओळख पटली. इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. निवळी उघडी राहिली असेल तर हवेतल्या वायूमुळे तिच्यावर आधीच पांढरी साय धरलेली असते. व्हिनेगरचे थेंब पडले तर दुधाळपणा येतच नाही. आणि वायू फार वेळ सोडत राहिलं तर दुधाळ निवळी पुन्हा नितळ होते, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शिअम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं.

आता सूत्रं. पुस्तकात ती इंग्रजी अक्षरांत असतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत. संज्ञेचं, म्हणजे मूलद्रव्याच्या अक्षरी खुणेचं, पहिलं अक्षर नेहमी मोठं, दुसरं असलंच तर लहान. मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही मोठी असली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. वहीत लिहिताना इथे हयगय नको.

अक्षरानंतर खाली छापलेला बारीक अंक त्याच्या लगेच आधीच्या अणूंची संख्या सांगतो. एच२ओ म्हणजे हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचा एक. अंक कंसाबाहेर असेल तर कंसातल्या प्रत्येक अणूला त्याने गुणा. ॲल्युमिनिअम सल्फेट, म्हणजे एएल२(एसओ४)३, यात ॲल्युमिनिअमचे २, गंधकाचे ३ आणि ऑक्सिजनचे १२ अणू. बहुतेक जण ऑक्सिजन चारच मोजतात.

सूत्राच्या आधीचा मोठा अंक मात्र अख्ख्या रेणूंची संख्या असते. मिथेन जळतो त्याचं समीकरण पाहा:

सीएच४ + २ओ२ → सीओ२ + २एच२ओ

बाणाच्या दोन्ही बाजूंना कार्बन १, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ४. समीकरण संतुलित करताना फक्त हे पुढचे अंक बदलायचे. हिशोब जुळत नाही म्हणून एच२ओ चं एच२ओ२ केलंत, तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिलंत. आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन अशा क्रमाने जुळवलं की बरीच खाडाखोड वाचते.

मोरचुदाच्या, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटच्या, सूत्रात, सीयूएसओ४·५एच२ओ, मधला ठिपका गुणाकाराचा नाही. स्फटिकात पाण्याचे पाच रेणू बांधलेले आहेत, एवढंच तो सांगतो. म्हणून इथे ऑक्सिजन ४ अधिक ५, म्हणजे ९, आणि हायड्रोजन १०. तापवल्यावर हेच पाणी निघून जातं आणि निळे खडे पांढरे पडतात.