रात्रीच्या पाण्यासाठी टॉर्च: एलईडी की तारेचा बल्ब, उजेड किती आणि पल्ला किती

रब्बीची पिकं पाण्यावर आली की रात्रीच्या पाळ्या सुरू होतात. दारं मोडायला, मोटर बघायला, बांधावरून फेरी मारायला टॉर्च लागतेच. ती घेताना बहुतेक वेळा खोक्यावरचा लुमेनचा आकडा तेवढा बघितला जातो, पण त्या आकड्यावरून अर्धंच कळतं. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो लांबच्या बांधापर्यंत पोचेल का, हे ठरतं कॅन्डेलावर, म्हणजे झोताच्या मध्यात उजेड किती एकवटला आहे त्यावर. पायाखाली बघायची टॉर्च आणि लांबवर बघायची टॉर्च ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून आधी काम ठरवावं आणि मग आकडे बघावेत.

पल्ला मोजायचा कसा

चांगल्या टॉर्चच्या खोक्यावर एएनएसआय एफएल १ या मानकाची चिन्हं असतात. त्यात पल्ल्याची व्याख्या अशी आहे: ज्या अंतरावर झोताचा उजेड ०.२५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो, ते अंतर. निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं साधारण एवढंच असतं. म्हणजे खोक्यावर २०० मीटर लिहिलं असेल, तर तेवढ्या लांब चांदण्याइतका उजेड पडेल. तिथे काहीतरी हललं हे दिसेल, पण कुत्रं आहे की रानडुक्कर हे ओळखू येईलच असं नाही. ओळखण्याच्या कामासाठी छापील पल्ल्याचा तिसरा हिस्साच धरावा. २०० मीटरची टॉर्च म्हणजे कामाचे ६५ ते ७० मीटर.

कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की पल्ला मीटरमध्ये मिळतो. २,५०० कॅन्डेलाला १०० मीटर, १०,००० ला २०० मीटर. पल्ला दुप्पट हवा असेल तर कॅन्डेला चौपट लागतो. म्हणूनच थोडे लुमेन वाढवून लांबचं फारसं दिसत नाही.

खोक्यावर काहीच लिहिलं नसेल तर घरी मोजता येतं. मोबाइलवर लक्स मोजायचं एखादं ॲप घ्यावं. अंधाऱ्या खोलीत किंवा ओसरीवर ५ मीटर अंतर टेपने मोजून घ्यावं, टॉर्चचा झोत बारीक करावा आणि मोबाइलचा सेन्सर (बहुधा पुढच्या बाजूला, वरच्या कडेला असतो) झोताच्या मधोमध धरून सर्वांत मोठा आकडा टिपावा. त्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले १०, हा झाला पल्ला. १६ लक्स आले तर ४० मीटर, १४४ आले तर १२० मीटर. मोबाइलचा सेन्सर तंतोतंत नसतो, पण एकाच मोबाइलने दोन टॉर्च ताडून बघायला तो पुरेसा आहे. लांब फेकणाऱ्या टॉर्चचा झोत ५ मीटरवर नीट जुळलेला नसतो. ती १० मीटरवर मोजावी आणि वर्गमूळाला २० ने गुणावं. टॉर्च लावल्याबरोबर एकदा आणि तशीच चालू ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावं. एलईडी तापला की बऱ्याच टॉर्च उजेड आपोआप उतरवतात. मानकातला लुमेनचा आकडा मात्र टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांतला असतो.

तारेचा बल्ब कुठे मागे पडतो

दोन मोठ्या सेलच्या जुन्या टॉर्चमध्ये येणारा साधा बल्ब २.३८ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा असतो. तो सव्वा वॅटच्या आसपास वीज खातो आणि उजेड देतो जेमतेम १० लुमेन. बाकी सगळी वीज उष्णता होऊन जाते. तेवढ्याच विजेत बरा एलईडी १०० लुमेनच्या आसपास देतो.

तरीही जुनी टॉर्च लांब उजेड टाकते असं लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तिची तार बारीक असते, रिफ्लेक्टर रुंद आणि खोल असतो, त्यामुळे आहे तेवढा उजेड एका ठिपक्यात जमतो. याउलट पुष्कळ छोटे एलईडी एकत्र बसवलेली स्वस्त टॉर्च जवळ भगभगते आणि तीस-चाळीस पावलांपुढे काही दाखवत नाही. हा दोष एलईडीचा नाही, रिफ्लेक्टरचा आहे. एकच मोठा एलईडी आणि रुंद रिफ्लेक्टर अशी टॉर्च घेतली तर तारेचा बल्ब पल्ल्यातही मागे पडतो. तोच एलईडी २५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर रुंद रिफ्लेक्टरमध्ये बसवला, तर लुमेन तेवढेच राहून पल्ला जवळपास दुप्पट होतो. खरेदी करताना रिफ्लेक्टरची रुंदी डोळ्यांनी बघता येते, तेवढी तरी बघावीच.

तारेच्या बल्बची खरी अडचण सेल उतरू लागल्यावर कळते. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के घटतो, वीस टक्के घटलं की निम्म्याहून कमी राहतो. मग झोत पिवळा, पुढे तांबूस होत जातो. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढला असेल तर सेल नवे असूनही हेच होतं. त्या थराचा अर्धा ओहम अवरोध पाव व्होल्ट खातो, म्हणजे अडीच व्होल्टातला दहावा हिस्सा. बल्ब बदलण्याआधी स्प्रिंग, सेलची टोकं आणि झाकणाचे आटे कोरड्या फडक्याने आणि बारीक पॉलिश पेपरने घासून बघावेत. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसावं, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावं.

उलट बाजूही आहे. दोन सेलच्या बल्बला तिसऱ्या सेलचं व्होल्टेज दिलं तर तो झगझगीत पेटतो आणि लगेच जातो. नुसतं पाच टक्के जादा व्होल्टेज बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं करतं.

जुन्या टॉर्चमध्ये बल्बच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. सेल जास्त टिकतात हा त्यांचा फायदा खरा. पण तार सगळीकडे उजेड टाकते आणि रिफ्लेक्टर तो गोळा करून पुढे पाठवतो. एलईडी बहुतेक उजेड थेट समोर टाकतो, रिफ्लेक्टरला तो नीट मिळतच नाही. त्यामुळे उजेड वाढतो, पल्ला मात्र अपेक्षेइतका वाढत नाही आणि झोताच्या मध्यात काळा डाग दिसू शकतो. बल्ब पेटलाच नाही तर सेलची दिशा तपासावी. तारेच्या बल्बला उलटसुलट चालतं, एलईडीला चालत नाही.

शेतात कोणती, कशी धरायची

सरीतून, वाफ्यातून चालायला ५० ते १०० लुमेनचा पसरट झोत पुरतो. त्याहून जास्त उजेड जवळ मारला तर ओल्या पानांवरून आणि पाण्यावरून परत डोळ्यांत येतो आणि अंधाराला सरावलेली नजर मोडते. ती पूर्ण सरावायला पुन्हा वीस ते तीस मिनिटं लागतात.

टॉर्च कुठे धरली यावर फार काही अवलंबून असतं, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. डोक्याला लावलेल्या टॉर्चचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. खड्डा, ढेकूळ, बांधावर आडवा पडलेला साप असं सगळं एकसारखं वाटतं. तीच टॉर्च हातात, मांडीच्या उंचीवर धरली की प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि साप जमिनीवेगळा उठून दिसतो. म्हणून चालताना टॉर्च हातात, खाली धरावी आणि झोत दोन ते चार मीटर पुढे ठेवावा. ठिबकचा फिल्टर साफ करणं, व्हॉल्व्ह फिरवणं अशा दोन्ही हातांच्या कामाला मात्र डोक्याची टॉर्चच बरी. लांबच्या जनावराचे डोळे चमकलेले बघायचे असतील तर टॉर्च डोळ्यांच्या उंचीवरच हवी, कारण ती चमक उजेड आला त्याच दिशेने परत जाते. सापाचे डोळे असे चमकतील या भरवशावर राहू नये.

धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो हा समज टिकणारा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो अरुंद झोताचा आणि टॉर्च डोळ्यांपासून दूर, खाली धरण्याचा.

रंगाच्या बाबतीत तारेच्या उजेडात तांबडा-तपकिरी रंग खुलतो, तर स्वस्त थंड-पांढऱ्या एलईडीत तो मळकट दिसतो. पण तारेच्या पिवळ्या उजेडात पानाचा फिकट पिवळेपणाही कळत नाही. पानं खाणाऱ्या अळ्या आणि गोगलगायी रात्री टॉर्चने जरूर शोधाव्यात. पानाच्या रंगावरून खताची कमतरता मात्र दिवसाच ठरवावी. किडे तोंडावर येत असतील तर उबदार पांढऱ्या रंगाचा एलईडी घ्यावा. त्यात निळा अंश कमी असल्याने किडे तुलनेने कमी येतात.

सेल आणि ओल

३,००० मिलिअँपिअर-तासाच्या एका ‘१८६५०’ आकाराच्या लिथियम सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास ऊर्जा असते. १०० लुमेनवर ती जवळपास रात्रभर पुरते, १,००० लुमेनवर तासाभरात संपते. खोक्यावरचे तास उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, हेही ध्यानात ठेवावं. तारेचा बल्ब तांबूस होत सूचना देतो. उजेड एकसारखा राखणारी एलईडी टॉर्च शेवटपर्यंत लख्ख राहून अचानक विझू शकते. रात्रीच्या पाळीला खिशात दुसरी छोटी टॉर्च असावीच.

पाण्यात काम असेल तर आयपीएक्स ७ दर्जाची टॉर्च घ्यावी. ती १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं. झाकणाची रबरी रिंग चिरली असेल तर दर्जा कोणताही असो, पाणी आत जाणारच. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

धान्याला धुरी दिलेल्या कोठारात साधी टॉर्च घेऊनही शिरू नये. धुरीतून निघणारा फॉस्फिन वायू विषारी आणि ज्वालाग्राही आहे, आणि साध्या टॉर्चचा स्विच ठिणगी टाकू शकतो.

हंगाम संपल्यावर साधे सेल काढून ठेवावेत. लिथियम सेल अर्धा भरलेला, थंड जागी ठेवावा. शिसे-आम्लाची बॅटरी असलेली चार्जिंगची टॉर्च मात्र पूर्ण भरून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरावी, कारण रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि पुढच्या हंगामात ती चार्ज घेत नाही.