अभिजात बालपुस्तक निवडताना वाचकाची पातळी कशी ओळखावी

मलपृष्ठावर छापलेला वयोगट हा प्रकाशकाचा अंदाज असतो. तो निवडीची सुरुवात करण्यापुरता उपयोगी आहे, पण त्यावर निर्णय सोपवू नये, कारण एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या वाचनात दोन इयत्तांचे अंतर सहज असू शकते. अभिजात पुस्तकांच्या बाबतीत हा अंदाज अधिकच डळमळीत होतो. ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) आणि ‘गलिव्हरच्या सफरी’ (१७२६) ही पुस्तके मुळात प्रौढांसाठी लिहिलेली होती आणि काळाच्या ओघात मुलांच्या कपाटात आली. त्यामुळे ‘हे मुलांचे पुस्तक आहे’ या ख्यातीवरून ते आपल्या मुलाला आज पेलेल की नाही, हे कळत नाही.

ते कळण्यासाठी भाषा, रचना आणि आशय या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. या तिन्हींची पातळी एकाच पुस्तकात सारखी असतेच असे नाही, आणि निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच. ‘छोटा राजकुमार’ (१९४३) या पुस्तकातील वाक्ये लहान आहेत, प्रकरणेही छोटी आहेत. पण त्यातील एकाकीपणा आणि निरोप समजायला वाचकाला थोडे आयुष्य पाहिलेले असावे लागते. उलट ज्यूल व्हर्नच्या कथांमधील साहस दहा वर्षांच्या मुलालाही खिळवून ठेवते, मात्र समुद्रतळाच्या सफरीत मध्येच येणाऱ्या मासे आणि वनस्पतींच्या लांबलचक याद्या त्याला थकवतात.

भाषेची परीक्षा सर्वांत सोपी वाटते, आणि मराठी वाचकाच्या बाबतीत तीच सर्वाधिक फसवी असते. पुस्तकातील एखादे पान मुलाला वाचायला द्यावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजावे आणि पाच बोटे झाली तर पुस्तक अवघड समजावे, अशी पद्धत इंग्रजी वाचनासाठी सर्रास सांगितली जाते. इंग्रजीत अनोळखी शब्दाचा उच्चार करतानाच मूल अडखळते, म्हणून तिथे ती बऱ्यापैकी चालते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते पुष्कळच नियमित आहे. जोडाक्षरांवर हात बसला की मूल जवळजवळ कोणताही शब्द घडाघडा वाचू शकते, मग त्याचा अर्थ कळलेला असो वा नसो. अस्खलित वाचणाऱ्या मुलाला पुस्तक कळत आहे, अशी पालकांची आणि शिक्षकांचीही समजूत होते ती यामुळेच.

म्हणून चाचणी अर्थाची घ्यावी. पहिले पान न घेता पुस्तकाच्या मधले एखादे पान निवडावे, कारण सुरुवातीची पाने अनेकदा सोपी असतात. मुलाला ते मनात वाचू द्यावे आणि मग ‘इथे काय घडले?’ एवढेच विचारावे. मुलाने स्वतःच्या शब्दांत प्रसंग सांगितला, कोण कोणाशी का बोलत होते हे त्याला उमगले, तर काही शब्द सुटले असले तरी पुस्तक त्याच्या आवाक्यात आहे. त्याने पानातलीच वाक्ये जशीच्या तशी परत म्हटली, किंवा घडलेल्या गोष्टीऐवजी नुसती नावे सांगितली, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. ही चाचणी गप्पांच्या ओघात घ्यावी; परीक्षेचा वास आला की मूल पुस्तकालाच टाळू लागते. अगदी नव्या वाचकांसाठी मात्र आधी जोडाक्षरांचे प्रमाण, अक्षरांचा आकार आणि ओळींमधील अंतर पाहावे. या टप्प्यावर जोडाक्षरविरहित गोष्टी, चित्रकथा आणि लय असलेल्या कविता पुरेशा आहेत. अभिजात कादंबरीची घाई करण्याचे काहीच कारण नाही.

रचनेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पण दोनशे पाने पहिल्यांदाच वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने, थांबायला जागा कुठे आहे हा प्रश्न मोठा असतो. ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या मूळ पुस्तकात प्रकरणेच नाहीत, सारे निवेदन एकसलग चालते. त्याच्या तुलनेत ‘पिनोकिओ’ नियतकालिकातून क्रमशः आले आणि १८८३ मध्ये पुस्तकरूप झाले, त्यामुळे त्याची ३६ प्रकरणे आटोपशीर आहेत आणि प्रत्येक प्रकरण पुढच्याची ओढ लावते. ‘श्यामची आई’मध्ये ४२ रात्री आहेत आणि बहुतेक रात्र स्वतंत्र गोष्टीसारखी वाचता येते, म्हणून दीर्घ पुस्तकाची सवय नसलेल्या मुलालाही ते जमते. पंचतंत्राच्या पूर्ण आवृत्तीत गोष्टीच्या पोटात गोष्ट येते, आणि बाहेरची गोष्ट लक्षात ठेवून आतली वाचणे हे कौशल्य हळूहळू येते. तोवर सुट्या कथांचा संग्रह अधिक बरा.

आशयाची पातळी ठरवताना वयापेक्षा मुलाचा स्वभाव आणि त्या काळातील त्याची परिस्थिती पाहावी. हान्स अँडरसनच्या परीकथांमध्ये काडेपेट्या विकणारी मुलगी थंडीने मरते. ‘पिनोकिओ’च्या पंधराव्या प्रकरणात त्या बाहुल्याला झाडाला टांगले जाते. ‘श्यामची आई’च्या अखेरीस आईचा मृत्यू आहे. हे प्रसंग मुलांपासून लपवावेत असे मला मुळीच वाटत नाही. दुःखाची पहिली ओळख पुस्तकातून होणे हे मुलाचे भाग्यच आहे. मात्र घरात नुकताच कोणाचा मृत्यू झालेला असेल, किंवा मूल रात्री घाबरून उठत असेल, तर असे पुस्तक त्याच्या हाती एकट्याने वाचायला देऊ नये आणि मोठ्या माणसाने ते आधी स्वतः वाचलेले असावे. जुन्या पुस्तकांमध्ये वंश, जात किंवा मुलींचे स्थान यांविषयी आज न पटणाऱ्या गोष्टी येतात, त्यांच्याबद्दलही बोलायला सोबत कोणी असणे चांगले.

यानंतर आवृत्तीचा प्रश्न येतो, आणि पुस्तकाच्या निवडीइतकाच तो महत्त्वाचा आहे. संक्षिप्त आवृत्त्यांमध्ये कथानक राहते आणि लेखकाचा आवाज जातो. ‘गलिव्हर’चे मूळ पुस्तक चार भागांचे आहे, मुलांसाठीच्या अनेक आवृत्त्यांत केवळ बुटक्यांचा आणि राक्षसांचा देश उरतो, आणि आठ-नऊ वर्षांच्या वाचकाला तेवढे पुरेसेही असते. ‘ॲलिस’ (१८६५) मात्र संक्षेपाला दाद देत नाही. त्याची सगळी मौज शब्दांच्या कसरतीत आणि त्या काळच्या इंग्रजी मुलांना पाठ असलेल्या कवितांच्या विडंबनात आहे. ती काढली की मागे घटनांची विस्कळीत मालिका राहते. अशा पुस्तकाचा अनुवाद निवडताना त्यातील एखादी कविता मोठ्याने म्हणून पाहावी. ती मराठीत नादासह उभी राहत असेल, तर अनुवादकाने कष्ट घेतले आहेत असे समजावे. आवृत्ती संक्षिप्त आहे की संपूर्ण, आणि अनुवादक कोण, हे पुस्तकावर स्पष्ट छापलेले नसेल तर ती आवृत्ती मी टाळतो.

पूर्ण पुस्तक अवघड आणि संक्षिप्त रूप निःसत्त्व, अशी अडचण आली तर ते मुलाला वाचून दाखवावे. लहान मुलाची ऐकून समजण्याची क्षमता त्याच्या वाचण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच पुढे असते. आवाजातील चढउतार, थांबे आणि मध्येच विचारता येणारे प्रश्न त्याला अवघड वाक्यांतून पार नेतात. स्वतः वाचण्यासाठी थोडे सोपे पुस्तक आणि ऐकण्यासाठी थोडे वरच्या पातळीचे, अशी दोन पुस्तके एकाच वेळी चालू ठेवावीत. माझ्या मते अभिजात साहित्याकडे नेणारा याहून चांगला मार्ग नाही. मूल पुढच्या प्रकरणासाठी थांबायला तयार होईना आणि स्वतःच पाने उलटू लागले, की ते पुस्तक त्याच्याकडे सोपवावे.

बारा-तेरा वर्षांचा, पण वाचनात मागे राहिलेला वाचक असेल, तर अधिक जपून निवड करावी. त्याला चिमुकल्यांचे पुस्तक दिले तर त्याचा अपमान होतो. त्याच्यासाठी वेगवान कथानक, लहान प्रकरणे आणि त्याच्या वयाचा नायक असलेले पुस्तक शोधावे. ‘फास्टर फेणे’सारख्या साहसकथा इथे उपयोगी पडतात, आणि ‘ट्रेझर आयलंड’चा (१८८३) चांगला संक्षेपही चालतो.

निवडलेले पुस्तक दोन-तीन प्रकरणांनंतरही मुलाला धरत नसेल, तर ते पूर्ण करण्याची सक्ती करू नये. ते दिसेल अशा जागी ठेवावे आणि वर्षभराने मधल्या एखाद्या पानावर पुन्हा तीच चाचणी घ्यावी.