पल्प कॅपिंगवर थीसिस घेताय? आधी हे वाचा

एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे दात वाचवण्याची शाखा, मिळालं की लगेच सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, घाई सुरू होते. मी वर्ध्याकडे शिकले. मला विषय सापडला तो ओपीडीत. खेड्यावरून आलेला पेशंट खुर्चीत बसतानाच सांगायचा, "डाक्टर, उपटूनच टाका. वेचनी सुरू हाय, सारखं सारखं येनं नाई जमत." कीड खोल गेलेली, ती काढताना पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) टाचणीच्या टोकाएवढा उघडा पडलेला, पण दात वाचण्यासारखा. असा उघडा पल्प औषधाने झाकणं म्हणजे पल्प कॅपिंग. अशा माणसाला त्याच दिवशी काय लावावं?

कॅल्शियम हायड्रॉक्साइड हर्मन यांनी १९२० साली आणलं. ते स्वस्त आहे, पण पीएच १२ च्या वर. लागलेला थर जळतो आणि त्याखाली डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, पूल तयार होतो. त्या पुलात बारीक बोगदे राहतात, औषधही हळूहळू विरघळतं. १९९० च्या दशकात लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी एमटीए हे सिमेंट आणलं. त्याचा पूल दाट, पण घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात. त्यानंतर आलेलं बायोडेंटीन हे सिमेंट साधारण १२ मिनिटांत घट्ट होतं. कापूस वेचणी सोडून आलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता लॅब. ही औषधं पल्पच्या पेशींवर तपासायची. त्या पेशी मिळतात अक्कलदाढेतून किंवा ब्रेसेससाठी काढलेल्या निरोगी प्रीमोलरमधून. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची संमती आधी. दात काढल्याबरोबर अँटिबायोटिक घातलेल्या मीडियममध्ये (पेशी जगवणाऱ्या द्रवात) टाका आणि बाटली बर्फावर ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात ओपीडी ते लॅब एवढ्या अंतरातही हयगय नको. दात कापताना गार सलाइनची धार सोडू नका, बर (दात कापणारं फिरतं टोक) तापला की पल्प गेलाच. सगळं नीट जमलं, तर काही दिवसांनी पल्पच्या तुकड्याच्या कडेने लांबट पेशी बाहेर सरकताना दिसतात. तो दिवस मला अजून आठवतो.

एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात. रंग गडद म्हणजे औषध चांगलं, असा निष्कर्ष नवे विद्यार्थी पटकन काढतात. पण ताज्या औषधाचा घट्ट अर्क अल्कधर्मी असल्याने पेशींना मारतो. तोच पातळ केला की पेशी छान वाढतात. तोंडातही ऊतींचा द्रव अर्क पातळ करतच असतो. म्हणून १:१, १:२, १:४ असे पातळ केलेले अर्क आणि २४, ४८, ७२ तास, दोन्ही घ्या.

शिवाय वाढ मंदावली म्हणजे औषध वाईटच, असंही नाही. डेंटिन बनवण्याकडे वळलेली पेशी विभाजन कमी करते. हे एमटीटीत दिसत नाही, त्यासाठी एएलपी (कठीण थर बनू लागल्याची खूण असलेलं एन्झाइम) आणि अलिझारिन रेड (साचलेलं कॅल्शियम लाल दाखवणारा रंग) लागतं. अलिझारिनला बहुधा २१ दिवस पेशी जगवाव्या लागतात, तेव्हा भारनियमनात इनक्युबेटर कशावर चालतो, हे सिनॉप्सिस देण्याआधीच विचारून घ्या.