कुल्लूचं राफ्टिंग आणि गरम कुंड एकाच ट्रिपमध्ये? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत मनालीच्या मॉल रोडवर अर्धं बडोदं भेटतं, आणि हल्ली सगळ्यांना एकाच दिवसात बियासवर राफ्टिंगपण हवं असतं आणि गरम पाण्याचं कुंडपण. करा की, फक्त क्रम उलटा करू नका.

सकाळी मनालीजवळच्या वशिष्ठ गावातल्या गरम कुंडात निवांत शेकून मग पिरडीला, जिथून राफ्टिंग सुरू होतं, राफ्टमध्ये बसणं ही सगळ्यात मोठी चूक. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं, घाम जातो तो वेगळाच, आणि त्यावर बर्फाचं पाणी अंगावर आलं की एकदम श्वास आत ओढला जातो, तेव्हा तोंड पाण्यात असलं तर संपलंच. म्हणून आधी नदी, मग कुंड. आणि पिरडी कुल्लूजवळ आहे, मनालीहून ४० किमीच्या वर, तिथून मणिकरणचं गरम कुंड जास्त सोयीचं.

बडोद्याच्या लालबागच्या पूलमध्ये पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट ढिलं ठेवणारे महाभाग असतात. कुणालातरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा, जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर परत आवळा. पडलात तर उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकतो. उताणे व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे. वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ अजिबात सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात, खरंच. जीन्स नको. १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग बंद असतं, त्या काळात कोणी गुपचूप नेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

बाहेर आल्यावर दात वाजत असताना लगेच कुंडात उडी नको. आधी अंग पुसा, कोरडे कपडे, गोड चहा, कुडकुड थांबली की मग. गुडघा खरचटलाय? मग आज कुंड राहू दे, सगळ्यांचं पाणी जखमेत कशाला. दहा-पंधरा मिनिटं पुरे, उठताना हळू, नाहीतर चक्कर येते, डोकं बुडवून नाकात पाणी घेऊ नका. बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारूनच जावं, आणि बिअर पिऊन तर दोन्हीकडे नको. चांदीची पैंजणं काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात.

मणिकरणला पोरांचा हात सोडू नका, तिथे झऱ्यात तांदळाच्या पोटल्या सोडून भात शिजवतात, आंघोळीचं कुंड वेगळं असतं.

आणि आजी-आजोबांना नुसतं गरम पाणीच हवं असेल तर एवढ्या लांब कशाला, गोध्र्याजवळ टुवाचे गरम झरे आहेतच.