जोडीदार कामावर, आपण दोघी बाहेर: नव्या मैत्रिणीबरोबर रत्नागिरी कशी ओळखायची

बदली होऊन रत्नागिरीत आलात, घरातली खोकी उघडून झाली, जोडीदार सकाळी साडेनऊला कामावर गेला आणि खालच्या मजल्यावरची किंवा शेजारच्या इमारतीतली कुणीतरी तुमच्यासारखीच नुकती आलेली आहे. तिच्याबरोबर शहर पाहायला निघा. जन्मापासून इथे राहणारी माणसं रस्ता सांगतात, पण त्यांच्या नजरेला सवय झालेली असते. "इथे काय बघायचंय?" असं तीच विचारतील. नव्या माणसाला मात्र प्रत्येक वळणावर प्रश्न पडतो आणि दोघींना मिळून पडला की तो विचारायचा संकोच राहत नाही. अडलं-नडलं तर घरमालकीण काकू आहेतच. बायकोची बदली झाली म्हणून आलेल्या पुरुषांनाही हे सगळं तसंच्या तसं लागू आहे.

आधी वेळेचा हिशेब करा, ठिकाणांचा नंतर. दहा ते चार असे सहा तास हातात आहेत असं वाटतं, पण ते तसे नसतात. साडेबारा ते साडेतीन या वेळात ऊन आणि दमट हवा माणसाला पिळून काढते, बरीच दुकानंही दुपारची बंद असतात. म्हणजे कामाची वेळ सकाळचे तीन तास. एका दिवशी शहराचा एकच भाग घ्या. किल्ला, बाजार आणि समुद्र एकाच सकाळी उरकायला गेलात तर तिन्हीकडे नुसते फोटो हाती लागतात आणि दुपारी डोकं धरून बसावं लागतं.

आठवड्यातले दोन वार पक्के करा, मंगळवार आणि शुक्रवार असे. रोज भेटायचं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यात कुणाला तरी ओझं होतं आणि कुणी बोलत नाही. "बघू, जमलं तर" असं ठेवलं तर कधीच जमत नाही.

शहराची रचना एकदा डोक्यात बसली की चुकायला होत नाही. मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, नाचणे हा वरचा भाग. एसटी स्टँड, जयस्तंभ, गोखले नाका, राम आळी, धनजी नाका हा बाजाराचा भाग. तिथून पुढे मांडवीचा समुद्र. उत्तरेला मिरकरवाडा बंदर आणि मिऱ्या, दक्षिणेला भाट्याची खाडी. रेल्वे स्टेशन मात्र शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, तिकडे पायी जायच्या भानगडीत पडू नका.

पहिली फेरी बाजाराच्या भागात, आणि पायीच. रिक्षातून गल्ल्या कळत नाहीत. जयस्तंभाजवळच्या जिल्हा नगर वाचनालयापासून सुरुवात करा. ते १८२८ सालचं आहे. दोघींपैकी एकीने सभासद व्हा, वर्गणी वाटून घ्या. पुस्तकं तर मिळतातच, शिवाय दुपारी सावलीत बसायला हक्काची जागा होते. तिथून बाजारात उतरत टिळक आळी गाठा. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला, ते कौलारू घर आज स्मारक आहे. आत शिरल्यावर भिंतीवरचे फलक वाचण्याआधी घराची मांडणी बघा: उतरतं छप्पर, ओटी, माजघर, मागचं अंगण. कोकणातलं जुनं घर पावसाशी कसं निभावतं ते तिथे उभं राहून कळतं. जवळच पतितपावन मंदिर आहे, १९३१ सालचं. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं ठेवलं गेलं, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. येताना राम आळीतून कोकम, उकडे तांदूळ आणि कुळथाचं पीठ घ्या. आमसूल घेताना दाबून बघा. मऊ आणि किंचित ओलसर हवं. कडकडीत कोरडं असेल तर जुनं आहे.

थिबा राजवाड्याला एक पूर्ण सकाळ द्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं, हे न बघता गेलेल्या कितीतरी जोड्या फाटकावरून परततात. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी राज्य घेऊन १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं या गावात, आणि स्वतःच्या वाड्यात जेमतेम सहा. हे लक्षात ठेवून खोल्यांमधून फिरलं की मोठमोठ्या खिडक्या आणि सागवानी काम वेगळंच दिसतं. जवळचा थिबा पॉइंट मात्र त्या सकाळी मुद्दाम सोडून द्या. भाट्याची खाडी, पूल आणि मावळतीचं ऊन हे संध्याकाळचं दृश्य आहे. एकेक जागा अशी जोडीदाराबरोबरच्या संध्याकाळीसाठी राखून ठेवली की घरात "तू तर सगळं पाहून आलीस" हे ऐकावं लागत नाही.

मासे खात असाल तर मिरकरवाडा सकाळी लवकर. इथे मैत्रीण बरोबर असण्याचा खरा उपयोग आहे, कारण मासळी वाट्यावर, म्हणजे ढीग लावून मिळते आणि दोन माणसांच्या घराला अख्खा वाटा जास्त होतो. एक वाटा घ्या आणि अर्धा-अर्धा करा. क्रम असा ठेवा. आधी काहीही न घेता एक पूर्ण फेरी मारा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. मग मासा हातात घ्या: कल्ला उचलून बघा, लाल हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. वासाला समुद्र यावा, उग्र काही नको. सुरुवातीला बांगडा, मांदेली, सौंदाळे घ्या. सुरमई-पापलेटवर हात बसायला वेळ लागतो आणि चुकलं तर पैसेही जास्त जातात. मावशींशी घासाघीस जरूर करा, पण भाव ठरल्यावर पुन्हा कमी करायला सांगू नका. तिसऱ्या खेपेला त्याच मावशींकडे गेलात की त्या आपणहून सांगतात, "आज हे नको, ते घे." साफ करून, तुकडे करून हवे असतील तर भाव ठरतानाच बोला.

घट्ट झाकणाचा डबा न्या, आणि मासळी घेतली की सरळ घरी. मासे घेऊन मग किल्ल्यावर जाण्याची चूक सगळे एकदा करतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत खाडीतली मासळी किंवा सुकट, सोडे, सुके बांगडे. मैत्रीण शाकाहारी असेल तर बंदराचा बेत तिला विचारूनच करा. वास सहन करत सोबत येणं ही मैत्रीची परीक्षा करायचं कारण नाही.

रत्नदुर्ग साडेआठला सुरू करा. वर भगवती देवीचं देऊळ, टोकाकडे दीपगृह, खाली एका बाजूला बंदर. बंदरातल्या लाँच वरून मोजता येतात. सावली कमी, वारा भरपूर. वारा असल्याने ऊन लागत नाही असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. दीपगृहात जायच्या वेळा मर्यादित असतात, आधी चौकशी करा.

आता समुद्र. याबद्दल थोडं जास्त सांगणं भाग आहे, कारण नव्या माणसाला किनारा कायम सारखाच वाटतो. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. कॅलेंडरवर चतुर्थी आहे, तर चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊला. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी मोकळीक धरा.

याचा वापर असा. तृतीया ते पंचमी या दिवसांत सकाळी वाळू मोकळी असते, भाट्याला लांबवर चालायला हेच दिवस घ्या. सुरूच्या बनाच्या सावलीतून जायचं, ओल्या टणक वाळूवरून परत यायचं. वाटेत नारळ संशोधन केंद्र आहे, बागेची आवड असेल तर रोपांची चौकशी करा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा अकरा-बाराच्या सुमाराला किनाऱ्यावर जाऊच नका. खडकांवर जायचं तर ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड तास आधी जा आणि पाणी वळताच मागे फिरा. भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं, पण मागच्या सखल भागात ते आधीच शिरलेलं असतं. खडकांवरची कालवं, म्हणजे चिकटलेले धारदार शिंपले, पाय कापतात, पट्ट्याची रबरी चप्पल हवी.

आरे-वारेला पाण्यात उतरू नका. बघायला त्याच्यासारखा किनारा नाही, पण तिथे पाणी एकदम खोल होतं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. आडवारी तिथे मदतीला माणूसही नसतो. दोघींपैकी एकीला पोहता येतं, हा आधार धरू नका. पावसाळ्यात तर कुठल्याच किनाऱ्यावर घोट्याच्या वर पाणी नको.

गणपतीपुळ्याला आडवारी जा, रविवारची गर्दी टळते. एसटीत बसण्याआधी "आरे-वारेवरून जाते का?" एवढं विचारा. समुद्रालगतचा रस्ता सुमारे पंचवीस किलोमीटर, निवळीवरून जाणारा बराच लांब, आणि दोन्हीकडच्या पाट्यांवर गणपतीपुळेच लिहिलेलं असतं. ग्रामीण गाड्यांना महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. उतरतानाच वाहकाला परतीच्या गाड्या विचारून घ्या, आणि शेवटच्या गाडीवर अवलंबून न राहता तिच्या आधीची धरा. जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, ते वगळू नका. रिक्षा ठरवली तर थांबे, थांबायचा वेळ आणि परतीचं भाडं हे तिन्ही बसण्याआधी बोलून घ्या.

स्वतःची गाडी असेल तर जांभ्याच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरची, कातळशिल्पं पाहाच. उक्षीचा हत्ती आणि जांभरुण इथली शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावरच बघायची. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी समोर उभं राहूनही काही दिसत नाही. पावसाळ्यानंतर काही दिवस गवत माजलेलं असतं, ते वाळू द्या. रेघांवर पाय देऊ नका, फोटोसाठी खडूने रंगवू नका.

बरोबर प्रत्येकी लिटरभर पाणी, टोपी, सुट्टे पैसे. पावसाळ्यात छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच घ्या. शेवाळलेल्या जांभ्यावर पाय सपाट टेकवत चाला. स्वच्छतागृहाची सोय निघण्याआधी ठरवा: एखादं बरं हॉटेल, वाचनालय, मोठं देवस्थान. समुद्राकडे ती मिळेल असं धरू नका, आणि त्या भीतीने पाणी पिणं टाळू नका. खाडीच्या उतारांवर मोबाइलला रेंज जाते. त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवा, एकमेकींच्या जोडीदाराचा नंबर घ्या, कुठे चाललो आणि कधी परतणार ते दोन्ही घरी कळवा.

पैशांसाठी एक छोटी पर्स सामाईक ठेवा. प्रत्येकीने तीनशे रुपये घालायचे, भाडं, चहा, नारळपाणी सगळं त्यातून. संपली की पुन्हा सारखे घालायचे. "राहू दे गं, मी देते" यातून तिसऱ्या-चौथ्या वेळी अवघडलेपण येतंच. एकीची गाडी असेल तर पेट्रोल दुसरीने भरावं.

दोघींचे नवरे एकाच कार्यालयात असतील तर आणखी एक पथ्य, आणि ते पहिल्याच दिवशी उघड बोलून घ्या: साहेब, बढती, रजा, कोण कुणाच्या हाताखाली, यातलं काहीही फिरायला येणार नाही. एकीचा नवरा दुसरीच्या नवऱ्याचा वरिष्ठ असेल तर हे फारच जपावं लागतं. सहज निघालेलं वाक्य संध्याकाळी दोन्ही घरांत पोचतं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात.

एप्रिल-मे आला की हापूसची पेटी दोघींत एक घ्या. पिकलेला न घेता तयार पण हिरवा आंबा घ्या आणि घरी अढी लावा. जमिनीवर भाताचा पेंढा पसरायचा, आंबे एकमेकांना न दाबता एका थरात मांडायचे, वर पुन्हा पेंढा. चौथ्या दिवशी प्रत्येक आंबा फिरवून बघा आणि डाग पडलेला लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारचे चार जातात. आठ-दहा दिवसांत खोलीभर वास सुटतो. ज्या घरात जागा आणि हवा जास्त, तिथे अढी लावायची, आणि आंबे पिकतील तसे निम्मे-निम्मे दुसऱ्या घरी पोचवायचे.